पाणी आधी कुणी प्यायचं

फुलाबाई मदन्यांना शेळगावात रेव्हरंड असं कुणी म्हणत नसे. पाटीवर तसं रंगवलेलं होतं; पण पाटी चर्चच्या भिंतीवर, आणि चर्च गावाच्या पार कडेला, उसाचे फड सुरू होतात तिथं. तिकडं वाचायला जातंय कोण? ख्रिस्ती वस्तीतली मंडळी त्यांना पाळकबाई म्हणायची आणि बाकीचं गाव ‘ती धनगराची शिकलेली बाई’ म्हणायचं. दोन्ही खरं होतं. आबाजी मदने नावाच्या मेंढक्याची ती मुलगी. दिवाळी झाली की आबाजी कळप घेऊन घाट उतरायचा आणि पावसाच्या आत परत वर यायचा. फुला लहान असताना तो असाच खाली गेला आणि तिकडंच तापानं गेला. मागं राहिली त्याची बायको साखरबाई, कळप आणि ही एक पोर. एकट्या बाईनं मेंढरं सांभाळायची की वाढती लेक? साखरबाईनं लेक मिशनच्या बोर्डिंगात ठेवली. दोन वेळ पोटाला मिळेल आणि चार अक्षरं येतील, एवढाच तिचा विचार होता.

चार अक्षरांवर भागलं नाही. अठराव्या वर्षी फुलानं आपणहून बाप्तिस्मा घेतला. साखरबाईला कळलं तशी ती कळप दुसऱ्याच्या भरवशावर टाकून बोर्डिंगच्या फाटकापर्यंत आली. आत आली नाही.

“आजपासनं तुज्या हातचं पानी मला चालायचं न्हाय,” ती म्हणाली. “आन माज्या तांब्याला तू शिवायचं न्हाय.”

एवढं बोलून ती वळली. शिव्या दिल्या असत्या, झिंज्या धरल्या असत्या तर बरं झालं असतं, असं फुलाबाईंना पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिलं. बोललेलं साखरबाईनं पाळलं. अधूनमधून भेटायची, ख्यालीखुशाली विचारायची, पण स्वतःचा तांब्या बरोबर घेऊन यायची आणि निघताना तो पदराखाली धरून न्यायची.

फुलाबाई शिकत गेल्या. दक्षिणेत देवज्ञानाची पदवी घेतली, मग चर्चच्या संघानं त्यांना दोन वर्षं जर्मनीला धाडलं. तिथं त्यांनी पवित्र शास्त्रातल्या मेंढपाळांवर मोठा प्रबंध लिहिला. तिथल्या विद्वानांनी मेंढरू पाहिलं होतं ते बहुतेक ताटातच, त्यामुळं या बाईनं मेंढरांच्या खुरांपासून लोकरीपर्यंत जे काय सांगितलं ते त्यांना अद्भुत वाटलं. परत आल्यावर एक्क्याण्णव साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. आमचा लूथरन संघ तसा चिमुकला, मंडळ्या मोजक्याच. पण त्यात पाळक झालेली ही पहिली बाई. कुणी पेढे वाटले, कुणी तोंडं वाकडी केली.

शेळगावच्या चर्चमध्ये आल्या आल्या त्यांनी एकच प्रथा बदलली. महिन्यातून एकदा प्रभुभोजनाला, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून, एक प्याला सगळ्या मंडळीत फिरतो. मिशनच्या काळातला तो प्याला. वरचा चांदीचा मुलामा ओठांच्या जागी झिजून खालचं पितळ दिसायला लागलेलं. चर्चची झाडलोट करणारी छबूबाई आदल्या रात्री काळे मनुके भिजत घालायची, सकाळी ते उकळून, कुस्करून, फडक्यातून गाळून रस करायची. तो रस आजवर आधी पाळक पीत आणि मग मंडळी. फुलाबाई म्हणाल्या, “माझा बाप पाण्यावर गेला की आधी मेंढरं पाजायचा. लेकुरवाळ्या आधी, मग बाकीच्या, आणि सगळ्यांत शेवटी तो. मी पण शेवटी पिणार.” त्या दिवशी बायकांनी डोळ्यांना पदर लावले. ही गोष्ट संघभर झाली, तिच्यावर प्रवचनं झाली. पुढं सत्त्याण्णवच्या दिवाळीत संघानं फुलाबाईंना बिशप म्हणून निवडलं, त्यात त्या प्रबंधापेक्षा या शेवटच्या घोटाचाच वाटा मोठा होता. त्याच घोटानं पुढं घात केला. पण ते तेव्हा कुणाला दिसत होतं?

दीक्षेचा दिवस जानेवारीच्या शेवटी ठरला. बारामतीच्या शिंप्यानं लांब झगा शिवून दिला. संघाच्या कचेरीतून बिशपची काठी आली. सरळ दांडा आणि वर चांदीची वाकडी मूठ. फुलाबाईंनी ती पांढऱ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. फक्त एक गोष्ट राहिली होती. संघाच्या नियमाप्रमाणं निवडलेल्या पाळकाला त्याच्या घरच्या मंडळीनं संमतीचा ठराव करून द्यावा लागे. शेळगावच्या चर्चच्या पंचांनी तो नव्या वर्षात करायचं ठरवलं. घरचीच माणसं, त्यात काय अडचण यायची होती?

आणि त्याच दिवाळीत कुंडलिक घरी आला.

कुंडलिक या वस्तीतलाच. माळेगावच्या कारखान्याकडून साखरेची पोती भरून त्याचा ट्रक गुजरातपर्यंत जायचा. अंगापिंडानं दांडगा, गळा गोड, नाताळात झांजा घेऊन उभा राहिला की चर्च दणाणायचं. तोच कुंडलिक बसमधून उतरला तेव्हा त्याच्या बायकोनं, अनितानं, त्याला दंडाला धरलेलं होतं. गालफडं बसलेली, शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा खांद्यांवर लोंबत होता. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून एड्स सांगितला होता. दोघंही घरी पोचायच्या आत ही बातमी वस्तीत येऊन पोचली होती. ती कशी पोचते हे कुणीच सांगू शकत नाही, पण ती पोचते.

मग गाव हळूहळू मागं सरकायला लागलं. न्हाव्याला वेळ नसायचा. गिरणीवाला म्हणाला, दळण ठेवून जा, शेवटी दळू. आणि शेवट कधी आलाच नाही. नळावर अनिताची घागर कुणीतरी दगड घालून फोडली. मग तिनं दूरच्या विहिरीवरून पाणी आणायला सुरुवात केली, तर तिथं दोरच गायब. भांडण म्हणाल तर कुणाशीच नाही. कुणी आवाज चढवत नव्हतं, आणि फुलाबाईंना त्याचीच भीती वाटायची. बापानं त्यांना लहानपणी शिकवलं होतं, की रात्री कळप बेंबाटत असेल तर निजावं. तो एकाएकी गप झाला आणि मेंढरं तोंडाला तोंड लावून उभी राहिली, तर काठी हातात घ्यावी. लांडगा जवळ असतो.

त्या बारामतीला जाऊन डॉक्टरीणबाईंना भेटल्या. एका प्याल्यातून प्यायलं तर काय होतं, हे त्यांनी सरळच विचारलं.

“काही होत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “थुंकीतून, भांड्यातून हा रोग जात नाही. एका ताटात जेवा, शेजारी झोपा. पण पाळकबाई, तुमच्याकडं हा एकटाच असेल असं समजू नका. गाड्यांवरची पोरं खूप आहेत तुमच्या भागात.”

फुलाबाईंनी हे पुढच्या रविवारी मंडळीला सांगितलं. पहिला भाग मोठ्यानं, दुसरा मनातच ठेवून. मंडळीनं ऐकून घेतलं. उपासना संपल्यावर हिंदुराव त्यांच्याजवळ आले. हिंदुराव चर्चचे मुख्य पंच. नाव हिंदुराव आणि काम चर्चच्या पंचाचं, यावरचे विनोद आता शिळे होऊन गेले होते. बाप्तिस्मा त्यांच्या बापाचा झाला, नाव त्याआधीच ठेवलेलं होतं, आणि ते त्यांनी बदललं नाही. माणूस वाईट नव्हता. चर्चवरचे पत्रे त्यांनी स्वतःच्या डाळिंबाच्या पैशातून घातलेले. त्यांचा थोरला मुलगा सुयोग आधी कुंडलिकच्याच ट्रकवर क्लीनर होता, आता स्वतः गाडी चालवत होता.

“पाळकबाई, मला सगळं पटतं,” हिंदुराव म्हणाले. “पर बाया भ्यात्यात. आपन आसं करू, कुंडलिकला सगळ्यांत शेवटी बसवू. त्याच्यामागं तुमीच ऱ्हाताय. आन तुमी तर शेवटीच पिता की.”

ज्या जागेवर फुलाबाई सहा वर्षं अभिमानानं उभ्या होत्या, तीच जागा हिंदुरावांनी त्यांच्या पायाखाली सापळ्यासारखी नीट बसवून दिली होती.

नोव्हेंबरच्या प्रभुभोजनाला सगळी मंडळी प्यायली. शेवटी अनिता, मग कुंडलिक. त्याच्या ओठाला फोड होते. प्याला परत हातात आला तेव्हा तळाशी घोटभर रस उरला होता. फुलाबाईंना डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द पाठ होता, आणि तरी प्याला तोंडाकडं नेववेना. देवज्ञान डोक्यात असतं. पोट अडाणीच राहतं. त्यांनी रुमालानं कड पुसली, दोनदा पुसली, आणि प्यायल्या. त्या आठवड्यात त्या रोज आरशासमोर जीभ बाहेर काढून बघत होत्या.

डिसेंबरातही तेच झालं. रुमाल कडेवर फिरत असताना समोर गुडघ्यांवर बसलेला कुंडलिक हळूच म्हणाला, “पुसा, बाई. मला राग न्हाय.”

तो रागावला असता तर फुलाबाईंनी काहीतरी उत्तर दिलं असतं. आता त्या नुसत्या प्यायल्या आणि वेदीकडं वळून उभ्या राहिल्या, कारण तोंड दाखवायची लाज वाटत होती.

नाताळ नेहमीसारखा झाला नाही. झांजा कुणी वाजवल्या नाहीत. नाताळनंतर दोन दिवसांनी कुंडलिकच्या घरावर दगड आले, दिवसाढवळ्या, आणि दगड मारणारं कुणी दिसलं नाही. त्याच संध्याकाळी हिंदुराव पाळकबाईंच्या घरी आले. चहा घेतला नाही, खुर्चीच्या कडेवर बसले.

“आता बाया म्हंत्यात, त्यो बसतो त्या सतरंजीवर बी बसायचं न्हाय. नव्या वर्साच्या प्रभुभोजनाला कुंडलिक आला तर मंडळी पिनार न्हाय. आन त्याच दिशी पंचांनी तुमच्या ठरावावर सह्या करायच्या हायेत.” ते थांबले. “मी धमकी देत न्हाय, पाळकबाई. आपली बाई बिशप व्हावी आसं मला बी वाटतं. एवढ्या एका दिशी त्याला घरी ऱ्हाऊ द्या. तुमी घरी जाऊन त्याला येगळा द्या, येगळ्या कपात. कुनाचं काय जातंय?”

“आणि पुढच्या महिन्यात?” फुलाबाईंनी विचारलं.

“पुढच्या म्हैन्यापत्तर त्यो ऱ्हातोय का, ते बघा,” हिंदुराव म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं असावं, कारण ते लगेच उठले. अंगणात सुयोग मोटारसायकल सुरू करून उभा होता. तो खोकत होता. साखरबाई त्याच्याकडं बघत होती, तो फाटकाबाहेर जाईपर्यंत.

साखरबाई गेली दोन वर्षं लेकीकडंच राहत होती. माळरानं कालव्याखाली आणि उसाखाली गेली, चारायला जागा उरली नाही, तेव्हा तिनं कळप विकला. मुलगा नव्हता. मग आली तांब्या घेऊन. “ऱ्हाईन, पर येगळी,” असं आल्या आल्याच सांगितलं. मागच्या पडवीत तिची चूल, तिची भाकरी, तिचं पाणी. रविवारी ती चर्चच्या दाराशी, उंबऱ्याच्या बाहेरच्या अंगाला बसायची. लेक काय बोलते ते ऐकायची आणि उपासना संपायच्या आत उठून जायची. तांब्या पडवीतल्या खुंटीजवळच्या फळीवर असायचा. फुलाबाई दोन वर्षांत त्या फळीला कधी शिवल्या नव्हत्या.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, फुलाबाईंनी कपाटातून काठी काढली. का काढली ते त्यांनाही कळलं नसेल. पलीकडच्या फडात तोड झाल्यावर पाचट पेटवलं होतं. धूर खिडकीतून आत येत होता आणि जळलेल्या पानांची काजळी पांढऱ्या कापडावर पडत होती. पडवीतून साखरबाई डोकावली.

“ही व्हय ती काठी? ही तर आकडी! बाभळीच्या शेंगा पाडायची.” मग लेकीचं तोंड बघून तिचं हसू गेलं. “काय झालं गं?”

फुलाबाईंनी सगळं सांगितलं. पुसलेली कडसुद्धा सांगितली. एवढं त्या आईशी कित्येक वर्षांत बोलल्या नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, “आबाच्या नावानं मी शेवटी पीत आले, आये. त्यातच मला अडकवलं.”

साखरबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

“तुजा बा शेवटी प्यायचा ते वळखीच्या पान्यावर,” ती म्हणाली. “नवं पानी आसलं, काय भरवसा नसला, की आदी त्यो उतरायचा. गुडघाभर पान्यात जाऊन, समद्यांच्या म्होरं ओंजळीनं प्यायचा. मग मेंढरं. तू बारकी हुतीस, तुला निम्मंच ध्येनात ऱ्हायलं.”

जर्मनीतल्या कुठल्याही परीक्षकानं फुलाबाईंची एवढी मोठी चूक दाखवली नव्हती. त्यांनी काठी झटकून पुन्हा कापडात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. उद्या काय करायचं ते आता त्यांना माहीत होतं. त्याची किंमतही माहीत होती, आणि म्हणून त्यांना भीती वाटत होती.

रविवारी चर्च भरलं. येणार नाही म्हणणारे सगळे आले. कुंडलिक येतो का ते बघायला आले. तो आला. अनिताच्या आधारानं, उन्हात स्वेटर घालून. तो पुढं सरकला तशी माणसं बाजूला झाली आणि सतरंजीवर त्याच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा पडत गेली. गाणं झालं, शास्त्रपाठ झाला. कुणी खोकलं नाही, कुणाचं पोर रडलं नाही. फुलाबाईंना बापाचा गप झालेला कळप आठवला.

त्यांनी भाकर मोडली, प्याला उचलला आणि म्हणाल्या, “कुंडलिक, अनिता, तुम्ही पुढं या. आज तुम्ही आधी.”

कुंडलिक प्यायला. अनिता प्यायली. मग फुलाबाईंनी प्याला स्वतःच्या तोंडाला लावला. कड न पुसता, जिथं कुंडलिकचे ओठ टेकले होते तिथंच. घोट गिळून त्यांनी प्याला मंडळीपुढं धरला.

“या,” त्या म्हणाल्या.

कुणी आलं नाही. हिंदुराव खाली बघत होते. त्यांच्या शेजारी सुयोग होता, घामानं डबडबलेला. बायकांनी पोरांना जवळ ओढून घेतलं. फुलाबाई प्याला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांना वाटायला लागलं, की आपण आता अशाच उभ्या राहणार. कुंडलिकनं मान वर केली नाही. आपल्यामुळं एवढं झालं म्हणून तो अनिताला ‘चल, ऊठ’ म्हणत होता, आणि अनिता उठत नव्हती.

तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. साखरबाईनं उंबरा ओलांडला. गुडघ्यावर हात टेकत, बायकांच्या मधून वाट काढत ती पुढं आली आणि लेकीसमोर उभी राहिली.

“दे,” ती म्हणाली.

पाठीमागून हिंदुरावांचा आवाज आला, “पाळकबाई! त्यांचा बाप्तिस्मा न्हाय झाला!”

ते खरंच होतं. बाप्तिस्मा न झालेल्याला प्रभुभोजन देऊ नये हा संघाचा नियम. आणि त्या नियमाची नवी भाषा चार वर्षांपूर्वी फुलाबाईंनीच बसवली होती, आधार दाखवून, अगदी चोख. त्यांच्याइतका तो कुणालाच पाठ नव्हता.

“आये, तुला देता येत नाही मला,” त्या हळूच म्हणाल्या.

“मला ठाव न्हाय तुमचं काय ते,” साखरबाई म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “मेंढरं बुजल्यात. मेंढक्या उतरला तरी म्होरकी मेंढी उतरल्याबिगर कळप उतरत न्हाय. हितं म्होरकी कोन हाय? कुनीच न्हाय. मग मी उतरते. दे.”

अठ्ठावीस वर्षं लेकीच्या हातचं पाणी न घेतलेली बाई हात पसरून उभी होती. फुलाबाईंनी कपाटातल्या काठीचा विचार केला, खोटं कशाला सांगा, केलाच. आणि प्याला आईच्या तोंडाला लावला. म्हातारीनं डोळे मिटून घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. तिला मनुके आवडत नसत.

मग छबूबाई उठली. तिच्यामागं आणखी चार बाया आणि एक म्हातारा. बाकीची मंडळी उठली ती दाराकडं गेली. हिंदुराव सगळ्यांत शेवटी बाहेर पडले, सुयोगला पुढं घालून.

घरी आल्यावर फुलाबाई पडवीत गेल्या. साखरबाई चूल पेटवत होती. फुलाबाईंचं लक्ष फळीवरच्या तांब्याकडं गेलेलं तिनं पाहिलं.

“चर्चातलं चर्चात,” ती म्हणाली. “तेवढ्यानं मी तुजी झाली आसं समजू नगंस.”

पंचांनी ठराव केला नाही, तक्रार केली. तक्रारीत कुंडलिकचं नाव नव्हतं, रोगाचा शब्दही नव्हता. पाळकबाईंनी बाप्तिस्मा न झालेल्या परधर्मी बाईला, ती सख्खी आई म्हणून, पवित्र प्याला दिला, एवढंच होतं आणि ते खोटं नव्हतं. संघाच्या कचेरीतून दोन सज्जन आले. त्यांना वाईट वाटत होतं. फुलाबाईंनी चूक कबूल केली आणि पश्चात्ताप कबूल केला नाही. निकाल असा लागला: बिशपपदाची निवड रद्द, आणि वर्षभर त्यांनी कुणालाही प्रभुभोजन द्यायचं नाही. काठी गुंडाळलेलीच परत गेली. झगा शिंप्यानं परत घेतला नाही. तो ट्रंकेत राहिला.

चर्च ओस पडलं. फुलाबाई रविवारी शास्त्रपाठ वाचायच्या, समोर पाच-सहा माणसं असायची. प्याला छबूबाईनं फडक्यात बांधून ठेवला होता. कुंडलिक होळीच्या सुमारास गेला. शेवटच्या दिवशी तो प्याला मागत होता आणि फुलाबाईंना तो देता आला नाही. त्यांनी नुसता त्याचा हात धरला. त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यांत वाईट दिवस, बिशपपद गेलं त्यापेक्षा कितीतरी वाईट. खांदा द्यायला चौथं माणूस मिळेना, तेव्हा चौथी छबूबाई झाली. दफन उरकून येताना वस्तीतली दारं लावलेली होती. आता अनिताही बारीक व्हायला लागली होती.

डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यातला दुसरा भाग, गाड्यांवरच्या पोरांचा, फुलाबाईंनी मनातच ठेवला होता. तो मे महिन्यात त्यांच्या दारात आला.

दुपारची वेळ. ऊन असं, की अंगणात कुत्रंही नव्हतं. बैलगाडी फाटकाशी थांबली आणि हिंदुराव उतरले. गाडीत गोधडीवर सुयोग होता. फुलाबाईंनी त्याला आधी ओळखलंच नाही. हिंदुरावांनी त्याला धरून आणलं आणि ओट्यावर बसवलं. त्यांचं स्वतःचं धोतर मळलेलं होतं, दाढी वाढलेली.

“पाळकबाई, पोर प्याला मागतंय,” ते म्हणाले. “दुसऱ्या पाळकाकडं गेलो हुतो. त्यो येगळ्या कपात देतो म्हनला. पोर न्हाय म्हंतंय. कुंडलिकला दिला तसा द्या म्हंतंय.”

फुलाबाईंना क्षणभर राग आला, असा की डोळ्यांपुढं अंधारी यावी. त्या म्हणाल्या, “हिंदुराव, मला मनाई आहे. तुमच्याच सहीनं.”

हिंदुरावांनी मान हलवली आणि ते मुलाला उठवायला वाकले. सुयोगचे ओठ वाळून फुटले होते.

पडवीचं दार वाजलं. साखरबाई बाहेर आली. तिच्या हातात तिचा तांब्या होता.

“पानी द्यायला तर मनाई न्हाय ना?” तिनं कुणालाच उद्देशून न विचारता विचारलं. ती ओट्यावर सुयोगशेजारी बसली, त्याच्या मानेमागं हात घातला आणि तांब्या त्याच्या तोंडाला लावला. तो घटाघटा प्यायला, निम्मं गळ्यावरून ओघळलं. मग त्याच तांब्यातून ती स्वतः प्यायली आणि तो हिंदुरावांपुढं धरला.

“घ्या, हिंदुराव. उन्हातनं आलाय.”

हिंदुराव ओट्यावर टेकले आणि तांब्याच्या कडेकडं बघत राहिले. सुयोग बापाकडं बघत होता. हिंदुरावांचा हात उठला नाही. ते ओठांवरून जीभ फिरवत होते आणि हात मांडीवरच होता. पोराच्या लक्षात आलं. त्यानं मान वळवली.

साखरबाईनं तांब्या मागं घेतला नाही. तिनं तो नुसता बाजूला फिरवला, लेकीकडं.

“फुला, नवं पानी हाय,” ती म्हणाली. “आदी तू घे.”

फुलाबाईंनी तांब्या हातात घेतला. लहानपणी धरला होता तेवढाच तो जड होता, आणि बुडाशी बापानं पाडलेला पोचा अजून तिथंच होता. त्यांना रडू आवरेना. तशाच त्या प्यायल्या, कड न पुसता, आणि तांब्या पुढं धरला.

आत आता घोटभरच पाणी उरलं होतं. हिंदुरावांनी हात पुढं केला.